मदत हवी आहे : पाच जणांचं कुटुंब आणि मागे बोटीचा ट्रेलर, गाडी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

थोरल्या दिरांनी त्यांची सोळा फुटी फायबरची बोट ट्रेलरसकट आम्हाला द्यायचं ठरवलंय. आमच्या सध्याच्या छोट्या हॅचबॅकच्या पुस्तिकेत 'या गाडीने ट्रेलर ओढू नये' असं स्पष्ट छापलेलं आहे, त्यामुळे ती बाद. गाडी बदलायची होतीच, आता ती बोट ओढणारीही हवी. घरात पाच जण आहोत: आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं, त्यातलं धाकटं अजून चाइल्ड सीटमध्ये बसतं. म्हणजे आठवडाभर शाळा, ऑफिस, दवाखाना आणि सुट्टीला बोट. पाण्यापर्यंतच्या रस्त्यात एक लांब घाट लागतो.

जाहिरातीतला ओढण्याच्या क्षमतेचा मोठा आकडा बघून मी आधी निर्धास्त झाले होते. मग वाचत गेले तसं कळलं की तो आकडा आमच्यासारख्या भरलेल्या गाडीसाठी नसतोच. अमेरिकेत क्षमता ठरवण्यासाठी जे२८०७ नावाचं प्रमाण वापरतात. त्यात गाडीत फक्त दोन माणसं धरलेली असतात, प्रत्येकी ६८ किलोची. चाचणी मात्र कडक असते, ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब चढावर एसी चालू ठेवून ठराविक वेगाने चढावं लागतं. युरोपातल्या नियमानुसार १२ टक्के चढावर ट्रेलरसकट गाडी पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघाली पाहिजे. इंजिन आणि क्लचची परीक्षा म्हणून हे उत्तमच आहे. पण आमच्या पाच जणांचं वजन २६० किलोच्या आसपास आणि सामान ऐंशी. गाडी आणि ट्रेलर मिळून एक एकत्रित कमाल वजन ठरलेलं असतं, गाडीत जास्त भरलं की ट्रेलरच्या वाट्याचं तेवढं कमी होतं. म्हणजे आमच्या बाबतीत, आधीच धरलेल्या दोन माणसांचे १३६ वजा करूनही, कागदावरच्या आकड्यातून दोनशे किलो निघतातच. ही वजाबाकी मला एकाही शोरूममध्ये कुणी करून दाखवली नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

बोटीचं वजन काढताना दिरांनी 'साडेचारशे किलो' सांगितलं, ते फक्त रिकाम्या सांगाड्याचं. साठ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन ११५ किलो, पन्नास लिटर पेट्रोल ३७, बॅटरी २०, लंगर, साखळी, दोर, लाइफ जॅकेटं आणि बर्फाची पेटी धरून ६५, आणि ट्रेलर स्वतः २३०. बेरीज ९१७ किलो. अनेक देशांत ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं बंधनकारक आहे आणि गाडीच्या पुस्तिकेतही ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी दोन वेगळे आकडे असतात. विक्रेते मोठा आकडा सांगतात, तो ब्रेकवाल्याचा. आमच्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहेत, म्हणजे गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. तेव्हा तो मोठा आकडा आम्हाला लागू होतो, हे माझं बरोबर आहे ना?

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचं टोक, हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, जेवढं दाबतं, ते वजन गाडीतल्या सामानात धरायचं असतं. बोटीच्या ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के दाब योग्य असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. दहा टक्के धरले तर ९२ किलो. त्यात माणसं २६०, सामान ८०, हिच २५ मिळवा, एकूण ४५७ किलो. काही सात आसनी क्रॉसओव्हर गाड्यांची भार वाहण्याची मर्यादाच पाचशेच्या आसपास असते. ओढण्याची क्षमता दोन हजार किलो असली तरी तिथे आम्ही जवळजवळ काठावर पोचतो. नाकावर वजन फार कमी ठेवावं, तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा झुलायला लागतो आणि मग गाडीही हलते. मुलं आणि सासूबाई मागे बसलेल्या असताना मला ते अजिबात नको आहे.

आता गाड्यांकडे येते. तीन प्रकार डोळ्यांसमोर आहेत.

पहिला, सात आसनी फोर व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर. रोजच्या वापराला हाच सगळ्यात सोयीचा. सासूबाईंना चढायला-उतरायला सोपं, मधल्या रांगेत चाइल्ड सीट नीट बसते. पण एकाच नावाच्या गाडीत क्षमता किती बदलते बघा: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या होंडा पायलटची ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्ती ५००० पौंड, म्हणजे साधारण २२७० किलो ओढते, आणि टू व्हील ड्राइव्ह ३५०० पौंड, म्हणजे १५९० किलो. तिथल्याच टोयोटा हायलँडरच्या व्ही६ पेट्रोलला ५००० पौंडांची क्षमता होती, हायब्रिडला ३५००. त्यामुळे 'अमुक गाडी घ्या' असं सुचवाल तेव्हा कृपया इंजिन, गिअरबॉक्स आणि ड्राइव्हही लिहा. नुसत्या नावावरून काही ठरत नाही.

दुसरा, लॅडर फ्रेमवरची, म्हणजे खाली वेगळी मजबूत चौकट असलेली डिझेल एसयूव्ही. ताकद भरपूर, इंजिन सावकाश फिरतानाही टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ट्रेलर मागे आहे हे जाणवणारही नाही असं म्हणतात. पण मला चालवून पाहिल्यावर तिसरी रांग अडचणीची वाटली, पायरी उंच, आणि बोट मागे नसेल त्या दिवशी एवढं अवजड धूड शाळेच्या गल्लीत फिरवायचं. आमच्या ९०० किलोंसाठी ही गरजेपेक्षा मोठी आहे, असं माझं आजचं मत.

तिसरा, इलेक्ट्रिक. घरातल्यांचा ओढा तिकडे आहे. टॉर्क लगेच मिळतो, उतारावर रीजनरेशन मिळतं, म्हणजे गाडी मंदावताना बॅटरी थोडी भरते, आणि चढावर गिअर बदलायची कटकट नाही. पण ट्रेलर जोडला की रेंज तिसऱ्या हिश्शापासून ते निम्म्यापर्यंत कमी होते. शिवाय बऱ्याच चार्जिंग स्टेशनांवर ट्रेलरसकट गाडी लावताच येत नाही, तो सोडून बाजूला ठेवावा लागतो. मुलं घेऊन वाटेत ट्रेलर सोडा-जोडायचं मला जमेल असं वाटत नाही. कुणी प्रत्यक्षात करत असेल, तर अनुभव जरूर लिहा.

गिअरबॉक्सबद्दलही मत हवं आहे. सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेला पट्ट्यावरचा ऑटोमॅटिक, ट्रेलरला नको, लांब चढावर तेल तापतं, टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा गिअरवाला, बरा, असं बरेच जण सांगतात. मला वाटतं खरा फरक गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर आहे की नाही याने पडतो. कंपनीच्या टोइंग पॅकेजमध्ये बहुतेक वेळा तो कूलर, मोठा रेडिएटर आणि ट्रेलरचं वायरिंग येतं. जुनी गाडी घेऊन बाहेरून हिच बसवली तर हिच मिळेल, कूलर मिळणार नाही. शिवाय ट्रेलर झुलायला लागला तर तो सावरणारी यंत्रणा ट्रेलर जोडलाय हे गाडीला कळलं तरच नीट काम करते, आणि ते कळतं वायरिंगच्या मॉड्यूलमधून. म्हणून मी कंपनीतून आलेल्या हिचच्या बाजूने आहे.

राहिला बोट पाण्यात सोडायचा उतार. तिथे काँक्रीटवर शेवाळ असतं. बोट वर ओढताना गाडीचं तोंड चढाकडे, वजन मागच्या चाकांवर, त्यात ट्रेलरचं नाक मागून दाबतंय. अशा वेळी फ्रंट व्हील ड्राइव्हची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरतात. मागची चाकं ओढणारी असली तरी तीच ओल्या शेवाळावर असतात. म्हणून चारही चाकांना ताकद हवी, या निष्कर्षावर मी आले आहे. पण फ्रंट व्हील ड्राइव्हवर वर्षानुवर्षं बोट काढणारे इथे असतील तर त्यांचं ऐकायला आवडेल, कारण तसं जमत असेल तर निवड बरीच वाढते.

भर (पहिल्या काही प्रतिसादांनंतर)

सगळ्यांचे मनापासून आभार. 'आकडे कागदावर जुळवण्यापेक्षा आधी काट्यावर जा' हा सल्ला लगेच मानला. टाकी भरून, सगळं सामान बोटीत ठेवून ट्रेलर वजनकाट्यावर नेला. ९८० किलो भरले, माझ्या बेरजेपेक्षा साठेक जास्त. ओली दोरखंडं, फळीखालचं जुनं सामान, स्टेपनी यांचं ते वजन असावं.

नाकाचा दाब मोजायची युक्तीही कामाची होती: सपाट जागेवर ट्रेलरच्या चाकांना अडण लावून, कपलरच्या, म्हणजे गाडीच्या हिचच्या बॉलवर बसणाऱ्या टोकाच्या खाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनाचा काटा, कपलरची उंची गाडीच्या बॉलएवढीच. पहिल्यांदा ५० किलोच्या आत भरलं, जेमतेम पाच टक्के. विंच, म्हणजे बोट ओढून घ्यायची चरखी, बसवलेला खांब टीचभर पुढे सरकवून बोट पुढे ओढून घेतली, आता ८८ आहे. इतक्याशा सरकवण्याने एवढा फरक पडतो हे पाहून, गाडीच्या निवडीइतकीच बोट ट्रेलरवर कशी बसवली आहे यालाही किंमत आहे, हे पटलं.

एकांनी चाकांच्या बेअरिंगबद्दल लिहिलं, तेही नोंदवून ठेवते, पुढे कुणाला उपयोगी पडेल. लांब चालून आलेला ट्रेलर लगेच पाण्यात घातला तर गरम हब एकदम थंड होतात आणि आतली हवा आकसून सीलमधून पाणी आत ओढतात. थोडा वेळ थांबायचं, ट्रेलरच्या दिव्यांची पिन काढायची, मग पाण्यात. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ब्रेक आणि चाकं गोड्या पाण्याने धुवायची.

प्रतिसाद वाचून लॅडर फ्रेम आणि इलेक्ट्रिक दोन्ही यादीतून काढले आहेत. आता टॉर्क कन्व्हर्टरवाली, ऑल व्हील ड्राइव्ह, सात आसनी क्रॉसओव्हर, ब्रेकवाल्या ट्रेलरची क्षमता किमान १८०० किलो आणि भार वाहण्याची मर्यादा किमान ५५० किलो, अशी अट ठेवली आहे. क्षमतेच्या आकड्यापेक्षा ही दुसरी अट पाळणारी गाडी शोधणं अवघड जातंय.

तेव्हा आता एवढंच विचारते. तुमच्यापैकी कुणी अशी गाडी घरची पाच-सहा माणसं बसवून ट्रेलरसकट घाटात चालवली आहे का? दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर भार वाहण्याची मर्यादा किती छापली आहे, चढावर गिअरबॉक्सच्या तापमानाचा इशारा कधी आला का, आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंग पुरतं का, की सारखा पाय ब्रेकवरच ठेवावा लागतो? गाडीचं वर्ष, इंजिन आणि हिच कंपनीची की बाहेरची, एवढं सोबत लिहिलंत तर फार मदत होईल.