लिंकनच्या खेडोपाडीच्या वकिलीवर लेख लिहितोय, एका केसवर गाडी अडलीये, वकील मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी इलिनॉयमधे ब्लूमिंग्टनला असतो, इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाला लिंकनवर लेख देतो म्हणून कबूल करून बसलोय. राष्ट्राध्यक्ष लिंकन नकोय, ते सगळ्यांनी शाळेतच वाचलंय. मला हवाय तो त्याच्या आधीचा, जिल्ह्याजिल्ह्याला घोड्यावरून किंवा बग्गीतून फिरणारा वकील आणि १८३४ ते १८४२ सलग चार टर्म राज्याच्या विधानसभेत बसलेला व्हिग पक्षाचा आमदार.

मसाला भरपूर आहे हो. कॉलेज नाही, लॉ स्कूल नाही, पुस्तकं उसनी आणून वाचली आणि १८३६ ला सनद. राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफिल्डला हलवायला जे नऊ जण भांडले ते सगळे उंचेपुरे, म्हणून त्यांना 'लाँग नाइन' म्हणायचे, त्यातला हा एक. १८४० मधे कोरम मोडायला सभागृहाच्या खिडकीतून उडी मारली पण तोवर मोजणी झालेली, म्हणजे उडी फुकट (आपल्याकडच्या आमदारांना निदान रिसॉर्ट तरी मिळतं). वर्षातून दोनदा जज डेव्हिड डेव्हिसबरोबर आठव्या सर्किटचा दौरा, खाणावळीत एकेका खाटेवर दोन दोन वकील, फक्त जजला स्वतंत्र खाट कारण तो तीनशे पौंडांच्या आसपास. महत्त्वाचे कागद उंच टोपीत. आणि केसेस बहुतेक उधारी-वसुलीच्या.

आता अडलोय कुठे ते सांगतो. १८३७ मधे गुलामगिरी अन्यायाची आहे असा निषेध याने डॅन स्टोनबरोबर विधानसभेत लेखी नोंदवला, १८४१ ला बेली विरुद्ध क्रॉमवेल मधे नान्स नावाच्या बाईची विक्री बेकायदा ठरवून घेतली, आणि १८४७ ला हाच माणूस इथल्याच, इलिनॉयमधल्या चार्ल्सटनच्या कोर्टात मॅटसन नावाच्या केंटकीच्या मालकातर्फे उभा! जेन ब्रायंट आणि तिची चार मुलं पळाली होती, ती परत मिळावीत म्हणून. इलिनॉयमधे गुलामगिरीला बंदी, इथे कायमचं आणून ठेवलेलं माणूस मोकळं धरलं जायचं. म्हणून लिंकनचं म्हणणं काय तर ही माणसं इथे कायमची राहत नव्हती, हंगामापुरती आणलेली. हरला, जेन आणि मुलं सुटली.

हे लेखात कसं मांडू? गाळलं तर खोटेपणा, घातलं तर सगळा लेख त्याच्यावरच जातो. तालुका कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्यांनी सांगा, असं वकीलपत्र घेताना माणूस काय विचार करतो?

प्रतिसाद १ :
दादा, इकडे बार कौन्सिलचा नियम आहे की आपण ज्या कोर्टात काम करतो तिथली केस, फी योग्य मिळत असेल तर, खास कारणाशिवाय नाकारायची नाही. अमेरिकेत तसं बंधन नाही, त्यामुळे 'वकीलच तो, बिचारा काय करणार' असं लिहू नका, नाही म्हणायची मोकळीक होती. आणि तो मुद्दाम ढिला लढला असं कुणी लिहिलेलं सापडलं तर ते कौतुक म्हणून छापू नका, पक्षकाराचे पैसे घेऊन आतून केस पाडणं हा आमच्याकडे सगळ्यात वाईट आरोप. त्यापेक्षा जेनपासून सुरू करा, तिच्या बाजूने फिकलिन आणि कॉन्स्टेबल उभे होते, त्यांचीही नावं येऊ देत की.

प्रतिसाद २ (धागाकर्ता) :
धन्यवाद काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे टोपी आणि खाटा मागे टाकून चार्ल्सटनच्या कोर्टापासूनच सुरू करतो. मग १८५८ ची डफ आर्मस्ट्राँगची खुनाची केस, पंचांग दाखवून चंद्र मावळतीला होता म्हणत, 'चांदण्यात पाहिलं' सांगणाऱ्या साक्षीदाराला उघडं पाडलं ती, ठेवू की काढू? संपादक बाई दोन पानांवर एक ओळ देणार नाहीत.