मदत हवी आहे: पाहुणा गेला, सामान राहिलं. टाकून दिलं तर चालेल का?

कोपऱ्यातला
चार दिवसांसाठी म्हणून आलेला माणूस महिनोन्‌महिने राहिला. गेला एकदाचा, पण सामान इथेच. "नेतो लवकरच" म्हणाला होता. आता फोन उचलत नाही, मेसेजला नुसता अंगठा पाठवतो. खोली मला कामासाठी हवी आहे. सगळं उचलून टाकलं तर काही लफडं होईल का? "आधीच नाही म्हणायचं होतं" हे कृपया सांगू नका, ते घरात रोज ऐकतोय. जरा लवकर सांगा, रविवारी खोली मोकळी करायची आहे.

शंकेखोर
पाहुणा कोण? मित्र, नातेवाईक, की भाडं देऊन राहणारा? आणि सामान म्हणजे एक पिशवी की ट्रकभर?

कोपऱ्यातला
त्याने काय फरक पडतो? बॅगा, खोकी वगैरे. सामान म्हणजे सामान.

रिकामटेकडी
फरक पडतो हो ताई. सासरचं कोणी असेल तर नवऱ्याला पुढे करा, तुम्ही वाईटपणा घेऊ नका. आमच्याकडे असंच झालं होतं. सरळ टेम्पो केला आणि सगळं त्याच्या आईच्या दारात उतरवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला!

कोपऱ्यातला
ताई नाही, दादा. बायकोचा मामेभाऊ आहे. भाडं कसलं डोंबलाचं.

आगाऊ
बायकोचा मामेभाऊ! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. आता प्रश्न सामानाचा राहिलाच नाही. :)

वकिलीण
टाकू नका. देश लिहिलेला नाही, पण भारतात असाल तर करार कायदा, १८७२ मधलं कलम १५१ बघा. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली, की समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी लागते. एक पैसा घेत नसलात तरी.

नाकासमोर
पण यांनी सांभाळायला घेतलीच कुठे? तो टाकून गेलाय. भिडेखातर गोदाम व्हायचं का यांनी? माझं मत स्पष्ट आहे, आठ दिवसांची मुदत आणि मग भंगारवाला.

वकिलीण
"नेतो लवकरच" म्हणाला, हे "बरं" म्हणाले. टाकून गेला असं कोण मानेल? त्यात नातेवाईक. उद्या म्हणेल बॅगेत दागिने होते, मग बसा सिद्ध करत. मुदत द्या, पण लेखी आणि पुरेशी. प्रत्येक वस्तूचा फोटो, यादी, शेवटची तारीख, आणि तोवर नेलं नाही तर सामान कुठे हलवणार तेही लिहा. कुलूपबंद बॅगा उघडू नका. मेसेज बायकोच्या नंबरवरूनही जाऊ दे. आणि तो अंगठा तुमच्याच फायद्याचा आहे: मेसेज पोचल्याचा पुरावा. स्क्रीनशॉट जपून ठेवा.

हसतमुख
वरचं सगळं वाचलं नाही, पण पाहुणा हलत नसेल तर वायफायचा पासवर्ड बदला. दोन दिवसांत जातो.

शंकेखोर
अहो, तो गेलाय!
कोपऱ्यातला, यादी टाका ना इथे.

कोपऱ्यातला
घ्या. दोन बॅगा (कुलूप आहे), पुस्तकांची खोकी, व्यायामाची सायकल, कागदपत्रांची फाईल, जुना लॅपटॉप, एक पॉवर बँक (जरा फुगलीय), फिशटँक.

निळाई
फिशटँक रिकामा आहे ना?

कोपऱ्यातला
नाही. गोल्डफिश आहेत. मीच खायला घालतो. त्याचं काय?

निळाई
त्याचं काय?! गोल्डफिश नीट सांभाळले तर दहा वर्षांहून जास्त जगतात. टाकी हलवायची तर सगळं पाणी एकदम ओतू नका आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात असतात, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात खळबळा. किती लिटरची आहे?

आगाऊ
+१. पण गोल्डफिशला हीटर नको. आमच्याकडे फायटर होता, दोन नर एकत्र ठेवले आणि...

नाकासमोर
धागा पाण्यात गेला.

विजेचा_दिवा
मासे राहू दे, ती फुगलेली पॉवर बँक आधी बाहेर काढा. पुस्तकांच्या खोक्यात असेल तर आजच. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात नको. लिथियमची बॅटरी फुगली म्हणजे आत वायू साठलाय, पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, त्याआधी त्याला कळवा. ही एक वस्तू मुदतीची वाट बघणारी नाही.

रिकामटेकडी
मी अजूनही म्हणते, टेम्पो करा. मामी असतीलच ना?

कोपऱ्यातला
मामींकडे जागा नाही म्हणूनच तो आमच्याकडे आला होता.
असो. पॉवर बँक बाहेर काढली. यादी, फोटो आणि महिन्याची मुदत असा मेसेज दोघांच्या नंबरवरून पाठवला. पहिल्यांदाच शब्दांत उत्तर आलं: "फिल्टर बंद करू नकोस." तारखेबद्दल चकार शब्द नाही.

निळाई
बरोबर बोलतोय तो.

वकिलीण
उत्तर आलं हे उत्तम. तारखेचं पुन्हा विचारा, लेखीच.

शंकेखोर
एक राहिलंच. घराची किल्ली परत घेतलीत ना त्याच्याकडून?

कोपऱ्यातला
नाही. का?