ओंकारेश्वर: बसनं जा, बेटाभोवती चाला

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही इंदूरला, माझ्या माहेरी रामबागेत असू. बरोबर सासूबाई आणि दोन मुलं. सासूबाईंना रोज तासभर फिरायची सवय आहे, पण चढ आला की गुडघे बोलू लागतात. इकडे रविवारी आम्ही बस पकडतो, एखाद्या गावी उतरतो, दोन-तीन तास चालतो आणि बसनंच घरी येतो. इंदूरहून असं काही जमेल का? घरचे म्हणतात, गाडी करा, सकाळी ओंकारेश्वर, दुपारी महेश्वर, रात्री जेवायला घरी. मला ते काही पटत नाही. ओंकारेश्वरच्या बेटाला पायी परिक्रमा करतात असं लहानपणापासून ऐकत आले आहे. सासूबाईंना आणि मुलांना ती झेपेल का?

— रामबागेची माहेरवाशीण

*

ताई, नमस्कार.

मुलगा तिकडे तुमच्या फिरण्याच्या मंडळात आहे, त्यामुळे ही पत्रं मलाही येतात. मी सुदामानगरात राहतो आणि ओंकारेश्वरला माझं वरचेवर जाणं असतं. गाडीचा बेत तुम्हाला पटत नाही हे फार चांगलं आहे. गाडीनं जाणारा माणूस रांगेत उभा राहतो, क्षणभर दर्शन घेतो आणि पूल ओलांडून परत निघतो. मंदिर पाहून होतं, बेट राहून जातं. माझं एवढंच सांगणं आहे की एक रात्र तिथं राहा आणि सकाळी चाला.

आधी बसचं. अंतर 80 किलोमीटरच्या आतलंच आहे, पण वाटेत भेरूघाट आहे आणि रस्त्याचं कामही असतं, तेव्हा तीन तास धरून चाला. थेट ओंकारेश्वरची बस मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर खंडव्याची कुठलीही बस घ्या आणि नर्मदेचा पूल ओलांडल्यावर मोरटक्क्याला उतरा. तिथून बारा-एक किलोमीटर राहतात, त्यासाठी शेअरिंगच्या गाड्या मिळतात. बस कुठून आणि किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी विचारून घ्या. खंडवा रोडच्या बस भंवरकुआंवरून जातात, रामबागेतून तिथं रिक्षानं जाता येईल. वाटेत बडवाह लागतं. तिथला चिवडा या पट्ट्यात नावाजलेला आहे, एक पुडा घेऊन ठेवा.

पहिल्या दिवशी दुपारी बेटावर जायची घाई करू नका. बस थांबते ते गाव नदीच्या दक्षिण काठावर आहे. तिथून ममलेश्वर आणि पुढे गोमुख घाटापर्यंत रमतगमत जा. सासूबाईंना हे अंतर काहीच नाही, घाटाच्या पायऱ्या तेवढ्या सावकाश उतरा. ममलेश्वर परमारांच्या काळचं आहे. लोक पिंडीवर पाणी घालतात आणि निघतात. तुम्ही तसं करू नका, भिंती पाहा. तिथं शिवमहिम्न स्तोत्र दगडात कोरलेलं आहे, संवत 1120 चं, म्हणजे इसवी सन 1063 चं. आपण घरी म्हणतो त्या पाठात चाळीसच्या वर श्लोक आहेत, भिंतीवर 31 आहेत. सासूबाईंना महिम्न पाठ असेल तर त्यांना तिथं निवांत बसू द्या. अक्षरं जुन्या वळणाची आहेत आणि काही झिजली आहेत, पण एखादी ओळ लागली की जो आनंद होतो तो रांगेतल्या दर्शनात मिळत नाही. अहिल्याबाईंच्या वेळेपासूनची पार्थिव पूजेची, म्हणजे मातीच्या पिंडी करून पुजण्याची प्रथाही याच देवळातली.

संध्याकाळी पुलावरून बेटावर जा. रात्री इथं शयन आरती होते. महादेव-पार्वती मुक्कामाला ओंकारेश्वरी येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून गाभाऱ्यात त्यांच्यासाठी सारीपाट मांडून ठेवतात. गाडीवाले तोवर घाट चढून इंदूरला पोचलेले असतात.

परिक्रमा दुसऱ्या दिवशी, उजाडताच. साधारण सात किलोमीटर आहे, थांबत थांबत तीन तास. मंदिरापासून नदीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे निघायचं, बेट उजव्या हाताला. वाट बांधलेली आहे, कडेनं गीतेचे श्लोक कोरलेल्या शिळा लागतात. मुलांनी एकेक शिळा वाचत जायचं ठरवलं की त्यांची कुरकुर बंद होते. बेटाच्या टोकाला संगम आहे. उत्तरेकडच्या धारेला इथं कावेरी म्हणतात आणि ती इथं नर्मदेला मिळते. जवळच ऋणमुक्तेश्वर आहे, तिथं कर्ज फिटावं म्हणून हरभऱ्याची डाळ वाहतात. इथवरची वाट सासूबाईंना सहज जमेल.

चढ पुढे आहे. पायऱ्या चढून गौरी सोमनाथाशी याल. देऊळ तीन मजली आहे आणि आतली पिंडी इतकी मोठी की एकट्याच्या कवेत मावत नाही. मामा-भाच्यांनी मिळून मिठी मारली तर हात हाताला पोचतात म्हणतात. तुमचे बंधू बरोबर आले तर मुलांना लावा कामाला. वरच्या अंगाला शंकराचार्यांची 108 फुटी मूर्ती दिसते, 2023 च्या सप्टेंबरात तिचं अनावरण झालं. आचार्यांना त्यांचे गुरू गोविंदपाद याच बेटावर भेटले असं मानतात. मूर्ती बारा वर्षांच्या मुलाची आहे, हे तुमच्या मुलांना मुद्दाम सांगा.

माझं आवडतं ठिकाण त्याच्या पुढे आहे, सिद्धनाथ. शिखर केव्हाच ढासळलंय, खांब मात्र उभे आहेत. जोत्याला चारी बाजूंनी दगडी हत्ती आहेत. काही झुंजताहेत, काहींच्या सोंडा तुटल्यात, पण अंगातला जोर अजून दिसतो. जोत्याभोवती एक फेरी घाला आणि प्रत्येक हत्तीसमोर जरा थांबा. एकासारखा दुसरा नाही. तिथून उतरलं की परत मंदिर.

माकडांपासून सावध राहा. चिवड्याचा पुडा पिशवीच्या तळाशी ठेवा, हातात धरून चालू नका. आणि सोमवार, अमावस्या-पौर्णिमा टाळा. उज्जैनला 2022 मध्ये महाकाल मंदिराचा 'महाकाल लोक' हा नवा परिसर झाल्यापासून तिथले यात्रेकरू इकडेही येतात, शनिवार-रविवारी पुलावर पाय ठेवायला जागा नसते.

— सुदामानगरातला काका

*

काका, खूप खूप आभार. महिम्नाचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या आत्तापासून तयार आहेत! दोनच शंका. सासूबाई संगमापर्यंत आल्या तर पुढचं काय करावं? आणि मुलांना नदीत उतरायचंय, चालेल का?

*

ताई,

संगमापर्यंत येऊन त्यांनी आल्या वाटेनं परत जावं, यजमानांना बरोबर ठेवा. परिक्रमा पूर्ण करायची त्यांची इच्छा असेल तर घाटावरून नावेनंही बेटाभोवती नेतात. पाणी पुरेसं आहे का ते नावाड्याला विचारायचं आणि भाडं आधी ठरवायचं.

नदीचं मात्र नीट ऐका. बेटाच्या जरा वरच धरण आहे. वीज करायला पाणी सोडलं की गोट्यांमधून वाहणारी धार थोड्या वेळात वाढते. 2005 च्या एप्रिलमध्ये वर धाराजीला यात्रा भरली असताना इंदिरा सागर धरणाचं पाणी सोडलं गेलं आणि कितीतरी माणसं वाहून गेली. नदीकाठच्या आम्हा लोकांच्या मनातून ते जात नाही. मुलांना साखळ्या लावलेल्या घाटावरच, तुमचा हात धरून उतरवा. संगमावर मधल्या खडकांवर जाऊ देऊ नका. भोंगा वाजला की कपडे राहिले तरी चालतील, आधी वर यायचं.

— काका

*

नमस्कार. मी बडोद्याची, पण आईनं नर्मदा परिक्रमा केली आहे म्हणून दोन गोष्टी सांगते.

मुक्कामासाठी शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास ओंकारेश्वरला आहे. स्वच्छ आहे आणि जेवणाची सोय आहे. सुट्टीत भरलेलं असतं, त्यामुळे सकाळच्या बसनं जाऊन लवकर पोचा.

दुसरं, डिसेंबरात तुम्हाला पांढऱ्या कपड्यातले, हातात काठी आणि पाठीवर पडशी असलेले परिक्रमावासी भेटतील. त्यांतले बरेचसे आपले मराठीच असतात. त्यांना "बेटावर चला की" असा आग्रह करू नका. नर्मदा परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, म्हणून ते समोरच्या काठावरूनच हात जोडतात. त्यांना "नर्मदे हर" म्हणा आणि चहा विचारा. सासूबाईंना बोलायला सोबत हवी असेल तर सकाळी गोमुख घाटावर ही मंडळी हमखास असतात.