अनुभव धागा : झोपेचं गणित तुम्ही कसं बसवलंत?

'रात्री दहाला झोपा, पहाटे पाचला उठा' हे आपल्याकडं कितीजणांना परवडतं? मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी, ते ठाऊक आहे सगळ्यांना. हे सात तास तुमच्या दिवसात कुठं बसवलेत, तेवढं लिहा. 'मोबाईल लांब ठेवा' एवढंच सांगायचं असेल तर राहू दे.

उद्यमबाग (बेळगाव), सीएनसी मशीन ऑपरेटर
शिफ्ट दर आठवड्याला फिरते. नाइट सुटली की गॉगल लावूनच घरी येतो. पोरं हसतात, पण सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की अंगाला दिवस उगवल्यासारखं वाटतं, मग नुसती तळमळ. थोडं खाऊन साडेआठ ते एक झोपतो आणि संध्याकाळी जेवायच्या आधी परत दीड-दोन तास. सलग झोपेचा नाद सोडला. खिडकीला काळं रेक्झिन ठोकलंय. दारावर बायकोनं मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून लावलंय, 'बेल वाजवू नका'. गॅसवाला तरी वाजवतोच! शेवटचा चहा रात्री दोनच्या आत, कारण त्यातलं निम्मं कॅफीन उतरायलाच पाचेक तास जातात. आठवड्यातली शेवटची नाइट झाली की सकाळी दोन-तीन तासच झोपायचं, म्हणजे रात्री वेळेवर डोळा लागतो.

खानापूर, शिक्षिका
बेळगावची बस ठरलेली, म्हणून उठायची वेळ पाचच, रविवारी फार तर सहा. तिथून मागं मोजलं तर दहाला पाठ टेकायलाच हवी. आता दहाला झोपायचं तर ओटा कोण पुसणार, हे आधी ठरवावं लागतं. आमच्याकडं भांडी-ओटा 'ह्यांच्या'कडं गेल्यापासूनच वेळापत्रक चालू झालं.

चिकोडीकडचा शेतकरी
ऊस भिजवायला थ्री फेज वीज रात्रीचीच. मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर बसवलाय, पण दुसऱ्या सरीत पाणी वळवायला उठावंच लागतं. दुपारी वीस मिनिटं पडतो, नाहीतर सरळ दीड तास. मधेच उठवलं की डोकं जड.

शहापूर (बेळगाव)
नऊ महिन्यांचं बाळ. पहाटे पाच ते सात सासूबाई घेतात. तेवढीच सलग झोप. बास.

बेळगाव, दुकानदार
शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र कुठल्याच गणितात बसत नाही, बसवूही नये! दुसऱ्या दिवशी तासभरच उशिरा उठतो आणि रात्री लवकर आडवा होतो.

निपाणी, अकाउंटंट
सगळं पाळूनही दुपारी खुर्चीत पेंग यायची. घोरणं तर शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. मधेच श्वास अडकतोय, हे मुलीनं ओळखलं. तपासणीत स्लीप ॲप्निया निघाला. आता रात्री हवा देणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपतो. असं काही असेल तर वेळापत्रक नंतर, डॉक्टर आधी.

शिक्षिका → निपाणी
तपासणीला दवाखान्यात राहावं लागतं का हो? आमच्या सासऱ्यांचं अगदी असंच आहे.

निपाणी → शिक्षिका
मी एक रात्र राहिलो. घरी लावायचं यंत्रही असतं, विचारून बघा.