मुंबई फुल मॅरेथॉन (४२ किमी) : ३० किमीनंतर पोटऱ्यांत गोळे, मदत हवी आहे

घाटधावक:
जानेवारीत मुंबई फुल. लाँग रनला (रविवारची लांब धाव) ३० किमीपर्यंत ठीक, मग दोन्ही पोटऱ्यांत गोळे येतात, चालावं लागतं. केळी, मॅग्नेशियम सगळं झालं. 'पाणी प्या' सांगू नका. सॉल्टची कुठली गोळी घ्यायची तेवढं सांगा.

पहाटवारा:
हाफ मॅरेथॉनची (२१ किमी) वेळ? लाँग रनची पेस, म्हणजे एका किमीला किती मिनिटं? आठवड्याचे किमी?

घाटधावक:
१:५५. पेस ५:४०. आठवड्याला ३५-४०.

पहाटवारा:
५:४० म्हणजे फुल ४ तासांत. हाफ १:५५ वरून गणिताने तेवढेच निघतात, पण आठवड्याला ५५-६० किमी असतील तर. तुम्ही दर रविवारी रेसच धावताय. लाँग रन ६:२०-६:४० ने करा, शेवटचे ६-८ किमीच रेस पेसने. आता किमी वाढवायला वेळ नाही, म्हणून रेसला ६:१० धरा, ४:२० होतील.

खारेदाणे:
आणि मीठ? मुंबईच्या दमट हवेत? तासभर धावण्याआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. १ किलो घटलं तर साधारण १ लिटर घाम. मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत ओतलं की पोट बिघडतं.

पहाटवारा:
मीठ कमी पडल्याने गोळे आले असते तर अंगभर आले असते. पोटरीतच का? दमलेला स्नायू आखडतो.

खारेदाणे:
४ तास नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, ते गोळ्यांपेक्षा धोक्याचं. मीठ लागतंच.

बीकेसीकर:
बिब (छातीवरचा नंबर) रेसआधीच्या एक्स्पोतच घ्या, रेसच्या दिवशी मिळत नाही.

टाचदुखी:
बुटाचा ड्रॉप किती? म्हणजे टाच पुढच्या भागापेक्षा किती मिमी उंच?

घाटधावक:
शून्य. दिवाळीत बदलले. त्याचा काय संबंध?

टाचदुखी:
हे आधी सांगायचं ना! टाच खाली गेली की प्रत्येक पावलाला पोटरी जास्त ताणली जाते. रेसला जुने ८-१० मिमीवाले घाला, शून्यवाले आठवड्यातून एकदा, ५-६ किमीलाच. पायरीवर एका पायाने टाच उचला, १५ चे ३ सेट. गुडघा सरळ ठेवून, मग वाकवून. रेसआधी १० दिवस बंद.

पहाटवारा:
रेसमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय संपलेले असताना येतो. पावलं आखूड ठेवा, पेस बघू नका. पोटरी फडफडायला लागली की लगेच थांबून भिंतीला टेका, टाच जमिनीवर दाबून ३० सेकंद ताणा. गोळा पूर्ण येईपर्यंत तसेच धावत राहिलात तर पुढचे किमी चालतच जातील.

घाटधावक:
जुन्या बुटांचे ७०० किमी झालेत. चालतील?

टाचदुखी:
नाही. तेच मॉडेल नवं घ्या, रेसआधी ५०-६० किमी धावून घ्या.