गोल्डफिश तळाशी बसून आहे, कल्ले जोरात हलतायत. तातडीने मदत हवी आहे

नमस्कार. घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे दोन गोल्डफिश आहेत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आणले म्हणून लेकाने नावं ठेवली लाडू आणि चिवडा. लाडू नारिंगी ओरांडा, डोक्यावर गोंडा असलेला, शेपूट सोडून मुठीएवढा. चिवडा ठिपक्याठिपक्यांचा, त्याच्याहून लहान. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. खडे वगैरे धरून पाणी साधारण ६० लिटर. आत लावायचा स्पंजचा फिल्टर आहे, हीटर नाही. डोंबिवलीत राहतो, नळाचं पाणी वापरतो.

रविवारी दिवाळीची साफसफाई काढली, त्यात टाकीही घेतली. दोघांना बादलीत ठेवलं, सगळं पाणी उपसलं, खडे नळाखाली चोळून धुतले, स्पंज तर स्वच्छ पाणी येईपर्यंत पिळून पिळून धुतला. ताजं पाणी भरलं, अँटी-क्लोरीनचे थेंब घातले आणि मासे सोडले. एरवी मी पंधरा दिवसांनी थोडं पाणी बदलते. एवढी झाडून सफाई पहिल्यांदाच केली.

मंगळवारी लाडू खायला वर आला नाही. आज गुरुवार, सकाळपासून तो कोपऱ्यात तळाशी बसून आहे. पाठीवरचा पर एरवी शिडासारखा उभा असतो, तो अंगाला चिकटलाय. शेपटीत केसासारख्या बारीक लाल रेषा दिसतायत. मधेच वर येतो, तोंड उघडून हवा घेतो, परत खाली बसतो. घड्याळ लावून मोजलं तर कल्ले मिनिटाला ११० वेळा हलतायत. चिवड्याचे ८०. तो पोहतोय, पण फिल्टरच्या धारेखालून हलत नाही. पाणी मात्र काचेसारखं नितळ आहे, त्यामुळे काहीच कळेनासं झालंय.

दुकानदाराने निळं औषध आणि पिवळी पावडर दिलीय, दोन्ही टाका म्हणाला. अजून टाकलं नाहीये. इथले जनावरांचे डॉक्टर कुत्री-मांजरीच बघतात. रोज सकाळी गॅस पेटवायच्या आधी मी लाडूला खायला घालते, माझी चाहूल लागली की तो काचेशी येऊन उभा राहतो. त्याला असं बसलेलं बघवत नाही. काय करू?

प्रतिसाद १
पाणी खराब झालं असेल. पुन्हा सगळं रिकामं करा, टाकी मिठाने घासून धुवा आणि नवीन पाणी भरा. आमच्याकडे असंच करतात.

प्रतिसाद २
ताई, कृपा करून टाकी पुन्हा धुऊ नका. बहुतेक त्या धुण्यानेच हे झालंय.

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. तो विषारी असतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर जिवाणू वाढलेले असतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. स्पंजवरचा जो बुळबुळीत तपकिरी थर तुम्ही धुऊन काढलात, तीच त्यांची वस्ती होती. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन, तो जिवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो. म्हणजे टाकी आता पहिल्या दिवसासारखी कोरी आहे आणि त्यात दोन मोठे गोल्डफिश आहेत. अमोनियाला रंग नसतो, म्हणून पाणी नितळ दिसतं. चिकटलेले पर, लाल रेषा, वर येऊन हवा घेणं, सगळं त्याच्याशी जुळतं.

आधी तीन गोष्टी बघा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का? असतील तर ती वेगळी लागण. वरून पाहिल्यावर खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिलेत का? परांवर कापसासारखं काही? तिन्ही नसेल तर आज रात्री एवढंच करा:

निम्मं पाणी काढा. भरायचं पाणी बादलीत घेऊन अँटी-क्लोरीन घाला, हाताला टाकीच्या पाण्याएवढंच गार लागलं पाहिजे, आणि हळूहळू ओता. अर्धं बदललं की अमोनियाही अर्धा होतो. उद्या आणि परवा परत. एअर पंप असेल तर रात्रभर चालू. खाणं पूर्ण बंद, गोल्डफिशला दोन-तीन दिवस उपास सहज चालतो. खाणं कमी तर अमोनिया कमी.

निळं औषध मिथिलिन ब्लू असणार. मुख्य टाकीत टाकू नका, उरलेसुरले जिवाणूही त्याने मरतात. पिवळी पावडर काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसेल तर हातही लावू नका.

पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं टेस्ट किट आणा, पट्टीचं नको. पीएचही बघा, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्क ते सांगणारा आकडा. पीएच एका अंकाने वाढला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो.

धागाकर्ती
दादा, ठिपके नाहीत, खवले सपाट आहेत, कापूस नाही. निम्मं पाणी बदललं. एअर पंप पोटमाळ्यावर होता, तो काढून लावला. आता रात्रीचा एक वाजलाय. स्पंज मीच धुतला हे सारखं मनात येतंय.

धागाकर्ती (शुक्रवार संध्याकाळ)
किट मिळालं. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. पाणी बदलायच्या आधी अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम), नायट्राइट ०, पीएच ७.८. परत निम्मं बदललं. लाडूचे कल्ले ९५ वर आलेत. अजून तळाशीच आहे.

प्रतिसाद २
पहिल्या बदलानंतरही २ म्हणजे काल ४ च्या आसपास असणार. वेळेत पकडलंत.

आता खरं काम जिवाणू परत आणण्याचं. कोऱ्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कोणाकडे वर्षभर जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागा. त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणायचा, वाटेत सुकू द्यायचा नाही, आणि तुमच्या फिल्टरमध्ये धारेच्या वाटेत ठेवायचा.

पुढच्या काही दिवसांत नायट्राइट वर येईल. ते रक्तात गेलं की रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते. त्यावर साधं मीठ चालतं: लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ६० ग्रॅम. मग्यात विरघळवून तीन हप्त्यांत, थोड्या थोड्या तासांनी. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटला आत शिरू देत नाही.

प्रतिसाद ३
मधेच बोलते. ६० लिटरमध्ये दोन गोल्डफिश म्हणजे दाटीच. आत्ता काही हलवू नका, पण सावरल्यावर मोठ्या टाकीचा विचार करा. हे मासे खूप खातात आणि तेवढीच घाण करतात. दुकानात काचेच्या गोल भांड्यात ठेवलेले दिसतात, ते बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

धागाकर्ती (सोमवार)
लेकाच्या शाळेतल्या बाईंकडे पाच वर्षांची टाकी आहे. फोन केला तर म्हणाल्या लगेच या. त्यांनी अर्धा स्पंज कापून स्टीलच्या डब्यात त्यांच्याच टाकीचं पाणी घालून दिला. रिक्षात लेक डबा मांडीवर धरून बसला होता, खड्डा आला की दोन्ही हातांनी झाकण दाबायचा.

आजचे आकडे: अमोनिया ०.५, नायट्राइट ०.५. तुम्ही म्हणालात तसंच झालं. मीठ घातलंय. रोज निम्मं पाणी बदलतेय. चिवडा आता सगळीकडे फिरतो. लाडू दिवसातून चार-पाच वेळा उठून टाकीभर एक चक्कर मारतो. लाल रेषा आहेत, वाढलेल्या नाहीत.

प्रतिसाद २
उत्तम. आता चिमूटभर खाणं द्या, एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं. उरलं तर काढून टाका.

धागाकर्ती (पुढचा रविवार)
अमोनिया ०, नायट्राइट ०.२५. कल्ले ७५. शेपटीतल्या रेषा फिकट झाल्यात, एका टोकाला परांची कड थोडी झिजलीय. आज सकाळी गॅसपाशी गेले तर लाडू काचेशी उभा होता, पाठीवरचा पर पूर्ण उघडून. चार दाणे टाकले, चारही खाल्ले. मी तिथेच खाली बसले.

दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आणखी दोनच गोष्टी विचारते: मीठ किती दिवस ठेवायचं? आणि स्पंज पुढे धुवायचाच नाही का?

प्रतिसाद २
मीठ उडून जात नाही, पाणी बदलाल तसं कमी होतं. नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आलं की नवीन घालू नका. स्पंज धुवायचा, पण पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच, दोन-तीनदा हलकेच दाबून. तपकिरी रंग राहू द्या. खडे आणि स्पंज एकाच दिवशी कधीच नाही. झिजलेली कड स्वच्छ पाण्यात आपोआप भरून येते, नव्या परांना आधी पांढुरकी, पारदर्शक कड दिसेल. तिला लागण समजून औषध टाकू नका.