बॉटल जेन्शियनच्या कळ्या उमलतच नाहीत!

ओली_माती (न्यू जर्सी): मागच्या अंगणात ओक-मेपलखाली एक कोपरा कायम ओलसर असतो, छपराचं पाणी तिकडेच उतरतं. तिथे दोन वर्षांपूर्वी बॉटल जेन्शियनची (इथलं निळं रानफूल) तीन रोपं लावली. यंदा पहिल्यांदाच शेंड्याला निळ्या कळ्यांचे झुबके आलेत, पण पंधरा दिवस झाले, एकही उमलत नाही. ऊन कमी पडतंय की खत हवंय? आई इथे आलीय, ती रोज "हे असंच कुजणार" म्हणते.

मिशिगनची_मावशी: अगं, कळ्या कसल्या, फुलंच आहेत ती! खतबित काही घालू नकोस. ही मिटलेलीच राहतात. मी पहिल्या वर्षी बोटांनी एक उघडायला गेले, फाटलं बिचारं. साध्या मधमाशीला ते उघडत नाही, तिथे बंबलबीच, म्हणजे तो जाडजूड केसाळ भुंगाच लागतो. दुपारी स्टूल टाकून बस. तो शेंड्यावर उतरतो, डोकं खुपसतो, पाकळ्या फाकवतो आणि अख्खा आत. कधीकधी मागचे दोन पाय तेवढे बाहेर दिसतात आणि फूल डुगडुगत असतं.

परसबाग_वेडा: हरणांपासून सांभाळा. आमच्याकडे फुलं यायच्या आदल्या आठवड्यात शेंडे खाऊन गेली.

ओली_माती: अय्या! मग बी धरेल का? अजून रोपं करायचीत. शिवाय एक रोप फार सावलीत आहे, हलवू का?

मिशिगनची_मावशी: हलवू नकोस, मुळं खोल जातात, दुखावलं तर रुसतं. वरच्या झाडाची फांदी छाट हवं तर. बी धरेल. ऑक्टोबरात बोंडं तपकिरी होऊन टोकाला फुटली की काढ. बी अगदी धुळीसारखं असतं, शिंकू नकोस! मी एकदा सवयीने वरून बोटभर माती टाकली, वर्षभर रिकामी कुंडी सांभाळली. त्याला उजेड लागतो. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरव आणि कुंडी हिवाळाभर बाहेर थंडीत राहू दे. पाणी वरून नको, बी वाहून जातं. कुंडी परातीत ठेवून खालून पाज. वसंतात टाचणीच्या डोक्याएवढी रोपं दिसतील. माझ्याकडे फूल चौथ्या वर्षी आलं.

ओली_माती: चार वर्षं!! आई विचारतेय, पुण्यात लावता येईल का?

मिशिगनची_मावशी: नाही गं. फ्रीजमध्ये थंडी देऊन उगवलंच, तरी तिथला एप्रिल-मे काढणार नाही. पण काडेचिराईत याच कुळातलं, हे सांग त्यांना. याचं मूळही तसंच कडूजहर.

ओली_माती: सांगितलं. काढ्याच्या नुसत्या आठवणीने तोंड वाकडं केलंय तिने.